शटडाउन झालं तर ग्रँटमधून मिळणारा स्टायपेंड थांबतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ता अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मातीतल्या सूक्ष्मजीवांवर पीएच.डी. करतोय, दुसरं वर्ष. स्टायपेंड गाईडच्या एनएसएफ (मूलभूत संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) ग्रँटमधून येतो. बरेचसे नमुने कॅम्पसवरच असलेल्या यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, प्रयोगशाळेतल्या फ्रीझरमध्ये आहेत. पुन्हा शटडाउनची, म्हणजे निधी मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज बंद पडण्याची, चर्चा सुरू झाली आणि विभागाची मेल आली, की अगदी गरजेची नसलेली खरेदी आणि प्रवास पुढे ढकला. गाईड म्हणतात, काळजी करू नकोस. घरचे टीव्हीवर बातम्या बघून रोज फोन करतात. स्टायपेंड थांबेल का, व्हिसाला धोका आहे का आणि आत्ता नेमकं काय करायचं, हे त्याला हवंय.

मी अशाच एका विद्यापीठाच्या संशोधन-निधी कार्यालयात बरीच वर्षं आहे. ग्रँट मिळाल्यानंतर तिचा हिशेब, मुदती आणि अहवाल सांभाळणं हे माझं काम. २०१३, २०१८-१९ आणि २०२५ ही तिन्ही मोठी शटडाउन याच खुर्चीतून पाहिली, तेव्हा अनुभवावरूनच लिहिते.

आधी सरळ उत्तर. येत्या महिन्या-दोन महिन्यांचा स्टायपेंड थांबण्याची शक्यता फार कमी आहे. पण 'शटडाउनचा ग्रँटवर परिणाम होत नाही' असं कुणी सांगितलं तर तेही पूर्ण खरं नाही. तुमचं नशीब शटडाउन किती दिवस चालतं यापेक्षा त्या दिवसांत तुमच्या ग्रँटची कुठली तारीख येते यावर ठरतं. शेजारच्या दोन लॅब, एकाच संस्थेचा पैसा, एकीला कळतही नाही आणि दुसरीत घालमेल, हे मी प्रत्येक वेळी पाहिलंय.

हे असं का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. काँग्रेसने खर्चाची बारा विधेयकं त्याआधी मंजूर करायची असतात, आणि ती क्वचितच वेळेत होतात. मग आपल्याकडच्या लेखानुदानासारखा एक तात्पुरता ठराव करून जुन्याच पातळीवर खर्च चालू ठेवतात. तोही झाला नाही तर शटडाउन. निधी मंजूर नसताना सरकारी खात्याने देणं अंगावर घ्यायचं नाही असं सांगणारा कायदा १८८४ पासून आहे, पण तरीही खाती काम रेटत असत. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून निधी संपला की दारं बंद व्हायला लागली. या कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा: कर्मचाऱ्याने फुकट काम करणंही त्यात बसत नाही. तुमच्या ग्रँटची प्रोग्राम ऑफिसर, म्हणजे ती ग्रँट सांभाळणारी एनएसएफमधली अधिकारी, घरी बसून एका ओळीचं उत्तर देऊ शकली असती असं वाटतं ना? तिने ते देणं बेकायदा ठरतं. म्हणून त्या दिवसांत तिला मेलवर मेल पाठवून रागावू नका.

दुसरं म्हणजे दर वेळी सगळं सरकार बंद पडतंच असं नाही. ज्या खात्याचं विधेयक आधी मंजूर झालंय ते चालू राहतं. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ असं ३५ दिवस चाललेलं शटडाउन आठवा. तेव्हा वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या एनआयएच या संस्थेचं विधेयक सप्टेंबरातच मंजूर झालेलं होतं. मेडिकल स्कूलमधल्या लोकांना फरक पडला नाही, पण एनएसएफ, नासा आणि यूएसडीए बंद होते. आमच्याकडे वैद्यकीय विभागाचे फोन शून्य आणि कृषी महाविद्यालयाचे दिवसभर. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असं ४३ दिवसांचं, तोवरचं सर्वांत लांबलेलं शटडाउन झालं, तेव्हा एकही विधेयक मंजूर नव्हतं, त्यामुळे सगळेच अडकले. म्हणून बातमी वाचताना पहिला प्रश्न हा, की माझ्या संस्थेचं विधेयक झालंय का? एनएसएफ वाणिज्य आणि न्याय खात्यांबरोबरच्या विधेयकात येते, यूएसडीए शेतीच्या विधेयकात. तुमचा पैसा एका विधेयकातून येतो आणि तुमचा फ्रीझर दुसऱ्या विधेयकावर चालतो.

आता पैशाचा प्रवास, कारण सगळी भीती इथूनच येते.

एनएसएफ दर महिन्याला तुमच्या गाईडच्या नावाने चेक पाठवते असं बहुतेक विद्यार्थ्यांना वाटतं. तसं काही नसतं. ग्रँट मंजूर झाली की तेवढी रक्कम सरकारच्या वहीत त्या अवॉर्डच्या, म्हणजे त्या मंजूर ग्रँटच्या, नावे बांधली जाते. तुमचा पगार, तुमची ट्यूशन, आरोग्य विमा, रसायनं हे सगळं आधी विद्यापीठ स्वतःच्या खिशातून भरतं. मग आमच्या कार्यालयातलं कुणीतरी, कुठे आठवड्याला तर कुठे महिन्याला, झालेल्या खर्चाची बेरीज करून सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून तेवढे पैसे उचलतं. बांधलेली रक्कम आधीच्या वर्षाच्या मंजुरीतली असते, ती शटडाउनमुळे नाहीशी होत नाही. शेततळ्यात उतरलेलं पाणी तुमचंच असतं, पाटकरी संपावर गेला म्हणून ते आटत नाही. पुढचं आवर्तन मात्र तो आल्याशिवाय सुटत नाही.

पैसे उचलायची प्रणाली चालू राहते का, हे संस्थेवर अवलंबून आहे. एनआयएचचे पैसे ज्या प्रणालीतून येतात ती शटडाउनमध्येही चालू ठेवली गेली. पण ज्या अवॉर्डवर काही अट किंवा निर्बंध आहे, ज्याची मागणी माणसाने तपासून सोडायची असते, ती मागणी तशीच पडून राहते, कारण तपासणारा माणूसच घरी. प्रत्येक संस्था शटडाउनच्या आधी आपली आकस्मिक योजना जाहीर करते आणि दर वेळी ती तशीच्या तशी नसते. मागच्या वेळी चाललं म्हणून या वेळी चालेल, असं धरून आम्ही चालत नाही.

विभागाची ती मेल कशासाठी आली असेल ते यावरून लक्षात येईल. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आमच्याकडे म्हणजे लगीनघाई. अडकलेली बिलं मंजूर करून घ्यायची, चुकीच्या खात्यावर पडलेले पगार योग्य ग्रँटवर आणायचे, दुसऱ्या विद्यापीठांना आपण जे उपअनुदान दिलंय त्यांची बिलं मागवायची आणि झालेला प्रत्येक डॉलर ३० तारखेच्या आत उचलून घ्यायचा. उचलता फक्त झालेला खर्च येतो, पुढचा ॲडव्हान्स म्हणून नाही. त्यामुळे १ ऑक्टोबरनंतर जो खर्च होईल तो काही काळ विद्यापीठाच्या अंगावर राहू शकतो. खरेदी आणि प्रवास हे लांबवता येणारे खर्च, पगार हा न लांबवता येणारा. मेलमध्ये नेमकं तेच केलंय. ती मेल वाचून घाबरू नका, उलट तुमच्या पगारासाठी जागा राखतायत असं समजा.

अर्थात विद्यापीठ किती दिवस अंगावर घेऊ शकतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठ्या सरकारी विद्यापीठाला दोन महिने सहज निघतात. संशोधनाचा व्याप छोटा आणि गंगाजळी बेताची असलेल्या कॉलेजला सहा आठवडे जड जातात. तुमच्या वर्णनावरून तुमचं पहिल्या प्रकारातलं दिसतं.

आता त्या तारखांकडे येऊ. गाईडकडून किंवा विभागाच्या ग्रँट मॅनेजरकडून अवॉर्डचं पत्र बघायला मागा. गुप्त काही नसतं त्यात, आणि मागायला संकोच करू नका. आपल्याकडची मुलं इथेच गप्प बसतात. पत्रात दोन गोष्टी शोधा: ग्रँट कधी संपते, आणि ती कुठल्या प्रकारची आहे. एनएसएफच्या एका प्रकारात पूर्ण मुदतीची रक्कम सुरुवातीलाच बांधून देतात. त्याला स्टँडर्ड ग्रँट म्हणतात. तुमची ती असेल आणि मुदत संपायला वर्षभर असेल, तर हे उत्तर इथेच सोडून निवांत झोपलात तरी चालेल. दुसरा प्रकार कंटिन्युइंग ग्रँटचा. त्यात रक्कम दर वर्षी हप्त्याने येते, आणि पुढचा हप्ता सुटण्याआधी गाईडने वार्षिक अहवाल द्यायचा आणि प्रोग्राम ऑफिसरने तो मंजूर करायचा असतो. तुमचा हप्ता नोव्हेंबरात अपेक्षित असेल आणि अहवाल मंजुरीविना पडून असेल, तर शटडाउनमध्ये तो हलणार नाही. हा अहवाल चालू वर्ष संपायच्या ९० दिवस आधी देण्याचा नियम आहे. पण गाईड मंडळी आणि अहवाल यांचं नातं तुम्हाला माहीतच असेल. कायदा, काँग्रेस, राजकारण यांवर तुमचा काही ताबा नाही, पण तो अहवाल वेळेत जावा म्हणून तुमच्या भागाचा मजकूर आणि आकृत्या आजच तयार करून देणं तुमच्या हातात आहे. मला विचाराल तर शटडाउनच्या तयारीतलं सगळ्यात उपयोगी काम हेच.

ग्रँट त्याच काळात संपत असेल तर जादा पैसे न मागता मुदतवाढ घेता येते. पहिली वाढ, बारा महिन्यांपर्यंतची, बहुतेक ग्रँटवर विद्यापीठ स्वतःच्या अधिकारात घेऊ शकतं; फक्त मुदत संपायच्या किमान दहा दिवस आधी कळवावं लागतं. दुसरी वाढ मात्र संस्थेच्या सहीशिवाय नाही, आणि सही करणारं कुणी नाही. तुमच्या गाईडने एकदा मुदतवाढ घेतली असेल तर हे आधीच विचारून ठेवा.

आणि हप्ता खरंच अडकला तर? तेव्हा विद्यापीठ स्वतःच्या जोखमीवर खातं उघडं ठेवतं. विभागप्रमुख किंवा डीन सही करतात, की पैसे आलेच नाहीत तर आम्ही भरू. नवीन ग्रँटबाबत सुरू होण्याआधीच्या ९० दिवसांतला खर्च नंतर तिच्यावर टाकायची सोय नियमांतच आहे. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या सत्रापुरतं तुम्हाला टीचिंग असिस्टंट करणं. विभागांना हा मार्ग सोपा वाटतो, पण टीएच्या जागा सत्र सुरू होतानाच भरतात, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर ही चर्चा करून उपयोग नसतो, ऑगस्टमध्येच करावी लागते.

इथे एक गोष्ट वेगळी काढते, कारण घरच्यांच्या फोनमध्ये ती मिसळली जाते. २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत ग्रँट रद्द झाल्याच्या, हार्वर्डचे २.२ अब्ज डॉलर गोठवल्याच्या, एनआयएचने विद्यापीठांच्या वरकड खर्चावर (इमारत, वीज, प्रशासन वगैरे) १५ टक्क्यांची मर्यादा घालायचा प्रयत्न केल्याच्या आणि ती कोर्टात अडकल्याच्या बातम्या आल्या. ते सगळं निर्णय म्हणून झालं. शटडाउनमध्ये तुमच्या ग्रँटबद्दल कुणी काहीच ठरवलेलं नसतं. ठरवणारी माणसं कामावर नसतात एवढंच. रद्द झालेल्या ग्रँटसाठी वकील लागतो, शटडाउनमधल्या ग्रँटसाठी कॅलेंडर पुरतं.

ज्यांचा पैसा विद्यापीठातून न येता थेट सरकारकडून येतो त्यांची गोष्ट वेगळी. २०१८-१९ मध्ये एनएसएफकडून थेट पाठ्यवृत्ती घेणाऱ्या काही पोस्टडॉकचे (पीएच.डी.नंतरच्या संशोधकांचे) पैसे अडकले होते. पण एनएसएफच्या पदवीधर पाठ्यवृत्त्या अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठीच असतात, त्यामुळे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांना हा प्रश्न सहसा येत नाही. कंत्राटावर चालणारं काम असेल तर तिथे 'काम थांबवा' असा लेखी आदेश येऊ शकतो. ग्रँटमध्ये तसं क्वचितच होतं. तुमच्या लॅबमध्ये संरक्षण खात्याचं किंवा नासाचं कंत्राट असेल आणि एखाद्या सहकाऱ्याचा अर्धा पगार त्यातून असेल, तर त्याने वेगळी चौकशी करावी.

आता तुमचा फ्रीझर. प्रश्नात तुम्ही त्याचा उल्लेख जाता जाता केलाय, पण मला पगारापेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. कृषी विद्यापीठांच्या आवारात यूएसडीएचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या प्रयोगशाळा असणं ही इथली जुनी पद्धत. एकाच कॉरिडॉरमध्ये डावीकडची दारं विद्यापीठाची, उजवीकडची सरकारची. रोजच्या जगण्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. शटडाउनच्या पहिल्या दिवशी लोकांना थोडे तास देतात, प्रयोग आवरायला आणि कुलूप लावायला. मग उजवीकडची कार्डं चालत नाहीत. फ्रीझर चालू राहतो, प्राण्यांना खाऊपिऊ घालणारे आणि इमारत सांभाळणारे लोक येतात, पण तुम्हाला आत जाऊन नमुना काढता येत नाही. एका संघीय प्रयोगशाळेत आमच्या एका विद्यार्थिनीचे डीएनए काढायचे नमुने असेच पाच आठवडे राहिले. नमुने शाबूत होते. पण डीएनएचा क्रम वाचून देणाऱ्या सिक्वेन्सिंग केंद्रावर तिचा आरक्षित दिवस गेला, पुढचा मिळाला तो परीक्षेच्या तोंडावर, आणि त्या सत्रात तिच्या पीएच.डी. समितीची बैठक झालीच नाही. विद्यापीठाकडून तिला पगार दर पंधरवड्याला व्यवस्थित मिळत होता.

तेव्हा या आठवड्यात यूएसडीएच्या शास्त्रज्ञांशी बोला आणि पुढच्या दोन महिन्यांत लागणारे नमुने विद्यापीठाच्या फ्रीझरमध्ये आणा. किमान अर्धे तरी. ज्या उपकरणावर फक्त तिकडेच काम होतं त्याच्या फायली उतरवून घ्या. सहलेखक तिकडचे असतील तर मसुदा आधी पाठवा. त्यांना त्या काळात सरकारी मेल उघडायलाही मनाई असते. शेतातले नमुने घ्यायचे असतील आणि जागा सरकारी असेल, तर तारीख अलीकडे ओढा. हंगाम गेला तर वर्ष जातं. २०१३ मध्ये ऑक्टोबरात शटडाउन झालं आणि अंटार्क्टिकाचा संशोधन कार्यक्रम नुसत्या देखभालीवर आणावा लागला, कारण तिकडचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. तुमचं शेत तितकं दूर नाही, पण जमीन गोठायची तारीख तुम्हालाही आहे.

खरं नुकसान मात्र शटडाउन संपल्यानंतर सुरू होतं, आणि तोवर टीव्हीवाले निघून गेलेले असतात. शटडाउनमध्ये प्रस्तावांच्या छाननीच्या बैठका रद्द होतात. एका बैठकीला देशभरातले दहा-पंधरा प्राध्यापक जमवायचे असतात. त्यांच्या तारखा पुन्हा जुळवायच्या. त्यातही अशा समित्यांची बैठक सरकारी राजपत्रात पंधरा दिवस आधी जाहीर करावी लागते, म्हणजे कार्यालय उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक घेता येत नाही. एनआयएचमध्ये छाननीनंतर प्रस्ताव सल्लागार मंडळापुढे जातो, आणि ती मंडळं वर्षातून तीनदाच बसतात. एक बैठक हुकली की चार महिने पुढे. बरं, शटडाउन संपताना बहुधा पुन्हा तात्पुरताच ठराव होतो. २०२५ मध्ये शेतीसह तीनच विधेयकं वर्षभरासाठी मंजूर झाली, बाकीच्यांना ३० जानेवारीपर्यंतची मुदत मिळाली. तात्पुरत्या ठरावावर संस्था हात राखूनच देतात. अशा काळात एनआयएच चालू ग्रँटचा पुढचा हप्ता साधारण ९० टक्क्यांपर्यंतच सोडते आणि उरलेल्याचं नंतर बघते.

याचा फटका दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला थेट बसत नाही. बसतो तो नव्या सहायक प्राध्यापकाला, ज्याची पहिली ग्रँट त्या रांगेत असते, आणि ज्या पोस्टडॉकची नेमणूक त्या ग्रँटवर ठरलेली असते त्याला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मागचा पगार मिळण्याची हमी २०१९ च्या कायद्याने दिली. विद्यापीठातल्या माणसाला, ज्याचं पत्रच निघालं नाही, तशी कुठलीच हमी नाही. तुमच्या गाईडची सध्याची ग्रँट दीड-दोन वर्षांत संपत असेल आणि नूतनीकरणाचा प्रस्ताव छाननीत असेल, तर तुमच्या चौथ्या वर्षाचा पैसा आज या रांगेत उभा आहे. हा प्रश्न गाईडना आत्ता विचारायला हरकत नाही.

व्हिसाचं पटकन. तुमच्या एफ-१ ला शटडाउनने काही होत नाही. इमिग्रेशनचे अर्ज, ओपीटी (शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी), परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा हे सगळं मुख्यतः फीच्या पैशावर चालतं. मुंबईच्या वकिलातीतल्या मुलाखतीही. अडतं ते श्रम खात्यापाशी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी आधी त्या खात्याकडून एक अर्ज प्रमाणित करून घ्यावा लागतो, विद्यापीठाला लॉटरीतून सूट असली तरीही. २०२५ मध्ये ते काम १ ऑक्टोबरला थांबलं आणि शटडाउन चालू असतानाच ३१ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. तुमच्या लॅबमधल्या एखाद्या पोस्टडॉकचा एच-१बी सुरू व्हायचा असेल तर त्याला हे सांगा. तुमच्यापुरतं एकच: पैशाची ओढाताण झाली तरी कॅम्पसबाहेर, कुणाच्या दुकानात किंवा डिलिव्हरीचं काम धरू नका. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, एवढीच मुभा आहे. चार आठवड्यांच्या अडचणीसाठी व्हिसा घालवलेला मुलगा मला माहीत आहे, आणि त्याचा स्टायपेंड शेवटी थांबलाही नव्हता. गरज पडलीच तर बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी तातडीच्या मदतीचा छोटा निधी असतो, तिथे अर्ज करा.

गाईडना भेटायला जाल तेव्हा 'माझं काय होणार' असं विचारू नका, त्यावर 'काळजी करू नकोस' हेच उत्तर मिळतं. असं विचारा: आपली ग्रँट स्टँडर्ड आहे की कंटिन्युइंग, पुढचा हप्ता कधी, वार्षिक अहवाल मंजूर झालाय का, आणि हप्ता अडकला तर विभाग जोखमीचं खातं उघडेल का. शेवटचा प्रश्न त्यांना नसेल ठाऊक. मग विभागाच्या ग्रँट मॅनेजरला अवॉर्ड नंबर घालून मेल करा आणि गाईडना सीसीत ठेवा. आमच्यासारख्या कार्यालयात शटडाउनच्या तोंडावर रोज ढिगाने मेल येतात. ज्यात नंबर असतो तिचं उत्तर त्याच दिवशी जातं. आणि ते उत्तर आलं की घरच्यांना तेच वाचून दाखवा, टीव्ही बंद करायला सांगण्यापेक्षा ते सोपं पडेल.